विद्वांस काकांचा टेम्पो

विद्वांस काका कुठल्याही दुकानात शिरले की आधी दुकानदाराला बसायला सांगतात. "आपण बसा. मी उभा राहतो." उभा माणूस विकतो आणि बसलेला माणूस खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. या सिद्धांतावर त्यांनी आजवर मिक्सर, गीझर, चष्म्याच्या दोन फ्रेमा आणि सुनेचा शालू एवढ्या वस्तू घेतलेल्या आहेत. शालूच्या दुकानात गाद्याच असल्यामुळे सगळे आधीपासूनच बसलेले होते, तेव्हा काकांनी त्या माणसाला आडवं व्हायला सांगितलं, असं काकू सांगतात. काका म्हणतात, हे साफ खोटं आहे, फक्त तक्क्याला टेकायला सांगितलं होतं.

नारायण पेठेत आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. त्यांची सगळी नोकरी विजेची मीटरं तपासण्यात गेली. समोरचं मीटर खरं बोलतंय की खोटं, एवढंच त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलं. त्यामुळे जगात कोणी आपणहून खरं बोलत असेल यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. "सांगू नका, दाखवा," हे त्यांचं पेटंट वाक्य. दूधवाल्याला ते हेच म्हणतात, डॉक्टरला हेच म्हणतात. एकदा कीर्तनात बुवा देव सर्वत्र आहे हे रंगवून सांगत होते, तेव्हा तिसऱ्या रांगेतून काका स्वतःशीच पुटपुटले, पण बुवांचा माईक चांगला असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तर या काकांनी गेल्या ज्येष्ठात मला जिन्यात अडवलं आणि म्हणाले, "मंदार, डीजे घ्यायचाय. चल."

मी वाघोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. जाण्यायेण्यात माझं रोजचं निम्मं आयुष्य नगर रस्त्यावर सांडतं आणि घरी आल्यावर मला वायर दिसलेली सहन होत नाही. पण ज्याला वायर आहे ते सगळं मला कळतं, असा इमारतीचा समज आहे. त्यामुळे मला अडवणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्या शब्दाचं. कारण दर गणपतीनंतर डीजेच्या आवाजाविरुद्ध चौकीवर सविस्तर पत्र देणारा आमच्या भागातला एकमेव माणूस म्हणजे विद्वांस काका. पत्राला तक्ता जोडलेला असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीचं तावदान, किती मिनिटं थरथरलं.

"काका, कोणता डीजे?"

"तेच तर तू सांगायचंस. बजेट पंधरा हजार. वर एक रुपया नाही. बाकीचं गुडघ्यांनी खाल्लं."

गुडघे काकूंचे. विजयाकाकू म्हणजे मंगळागौरीच्या खेळांचं आमच्याकडचं मोठं नाव. हल्ली घरोघरी नव्या नवरीची मंगळागौर असते, पण खेळ येणाऱ्या बायका घरात नसतात. मग असे गट बोलावतात. काकूंचा गट बारा जणींचा. झिम्मा, पिंगा, फुगड्या, सगळं काकूंनी बसवलेलं. खेळता खेळता गायलं की दम लागतो, म्हणून मागेच त्यांनी सगळी गाणी एकदा रेकॉर्ड करून घेतली होती. मुख्य आवाज अर्थात काकूंचाच. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उड्या नकोत, उकिडवं बसणं नको, बाकी झिम्मा-पिंगा खुशाल खेळा, पण हळू.

"हळू म्हणजे मिनिटाला किती पावलं, असं मी विचारलं," काका मला जिन्यातच सांगायला लागले. "तर तो म्हणतो, तुमचं तुम्हाला कळेल. हे काय उत्तर झालं? उद्या मी म्हणेन, वीज थोडीशी वापरा, बिल तुमचं तुम्हाला कळेल."

चैत्रात काकू सरावाला गेल्या. पिंग्याच्या दोन फेऱ्या झाल्या आणि तिसरीला त्या मागे पडल्या. रिंगण त्यांच्यापाशी तुटलं. "तुम्ही खेळा गं, मी बघते," म्हणून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. घरी आल्यावर त्यांनी नऊवारी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. पुढच्या सरावाला गेल्या नाहीत आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत.

"बोलली असती तर मी गप्प बसलो असतो," काका म्हणाले. "ती बोललीच नाही. म्हणजे मोजायला हवं."

आणि त्यांनी मोजलं. काकू गॅलरीत व्यायाम म्हणून पिंग्याची पावलं टाकत होत्या, तेव्हा आतून स्टॉपवॉच लावून. काकूंना न दमता जमतात मिनिटाला ब्याण्णव पावलं. गाणं मागतं एकशे आठ.

"सोळा पावलांचा प्रश्न आहे, मंदार. बाकी काही झालेलं नाही. गाणं सोळा पावलं मागे आलं की ही परत रिंगणात. पण श्रावणाच्या आत."

मी म्हटलं, काका, हे मोबाईलवर फुकट होतं. मी करूनही दाखवलं. काकांनी माझ्या मोबाईलच्या काचेवरून बोट फिरवलं आणि गाणं एकदम कासवासारखं झालं, मग एकदम धावायला लागलं. "हे बोटाला कळत नाही," काका म्हणाले. "गाणं चालू असताना केसभर कमी, केसभर जास्त, असं करता आलं पाहिजे. तिला कळता कामा नये आणि मला कळलं पाहिजे." त्याआधी त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरवरही प्रयोग केला होता. त्यात गाणं हळू झालं, पण त्याबरोबर आवाजही खाली गेला. "हिचा आवाज माझ्यासारखा येतो. नवरीच्या सासरचे घाबरतील."

तेव्हा मला कळलं की हे खरंच डीजेचं काम आहे. ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांचं नव्हे. लॅपटॉपला जोडायच्या त्या छोट्या कंट्रोलरचं, ज्याच्यावर दोन चकत्या असतात आणि गाण्याचा वेग, म्हणजे त्या भाषेत टेम्पो, कमी-जास्त करायला सरकवायचे स्लायडर असतात.

पहिल्या दुकानात मला यायला उशीर झाला तेवढ्यात काकांनी बोलणी सुरू करून टाकली होती. दुकानदार खुर्चीवर बसलेला, काका उभे.

"मला टेम्पो कमी करायचाय," काका म्हणाले.

"टेम्पो कमी नाही होणार काका. एवढ्या स्पीकरला मोठाच लागतो."

"मोठा चालेल हो, पण हाताने हळू करता आला पाहिजे."

"हळूच चालवतात. मिरवणुकीत पळवणार कुठे?"

"आणि बाईचा आवाज बदलता कामा नये."

दुकानदाराने काकांकडे नीट पाहिलं. "बाई पण टेम्पोत बसणार का?"

मी मध्ये पडलो नसतो तर काका माल वाहायचा टेम्पो ड्रायव्हरसकट दोन दिवसांच्या भाड्याने ठरवून आले असते. मला वाटतं, तो दुकानदार अजूनही त्या बाईंची वाट पाहत असेल.

दुसरं दुकान झगमगीत होतं. तिथला तरुण विक्रेता बसायलाच तयार नव्हता, त्यामुळे काकांचं मत तिथेच वाईट झालं. त्याने एक कंट्रोलर चालू केला आणि त्याच्यावर लाल, निळे, जांभळे दिवे नाचायला लागले.

"हे दिवे कशाला?"

"अंकल, डार्क पार्टीत भारी लुक येतो."

"आमच्या पार्टीत ट्यूबलाईट असते," असं म्हणून काकांनी खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढली आणि स्लायडर मोजला. मग कागदावर भागाकार केला. "एका टक्क्याला दीड मिलिमीटरसुद्धा येत नाही. माझं नख याहून जाड आहे. लांब स्लायडरचा दाखवा."

लांब स्लायडरचा होता, पण त्याच्या किमतीत आणखी एक गुडघा झाला असता.

असं तीन आठवडे चाललं. रोज मी वाघोलीहून यायचो आणि जिन्यात काका पट्टी घेऊन उभे. मी टाळाटाळ करून पाहिली. मी चिडूनही पाहिलं. एकदा तर मी स्पष्ट म्हणालो, "काका, श्रावण पुढच्या वर्षीही येतो." काका म्हणाले, "येतो. पण एक वर्ष खुर्चीवर बसलेलं माणूस उठत नाही रे." त्यानंतर मी टाळाटाळ सोडली. मला माझीच लाज वाटली, हे लिहायला हरकत नाही.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती की विद्वांस डीजे आणतायत. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेले, "घरी सगळं ठीक आहे ना त्यांच्या?" मी ठीक आहे म्हटलं. तर ते म्हणाले, मग ठेवणार कुठे? पार्किंगमध्ये जागा नाही.

शेवटी आम्हाला बुधवार पेठेत तांबोळी सापडले. एका बोळात, जिन्याखाली, रुंदीला दोन माणसांचं दुकान. जुने कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे आणि विकायचे. वय काकांच्याच आसपास. डोळ्याला भिंग लावून काहीतरी झाळत होते.

"आपण बसा," काका म्हणाले.

"मी बसलेलोच आहे," तांबोळी मान वर न करता म्हणाले. "तुम्ही उभे आहात. उभ्या माणसाला मी काही विकत नाही. तो घाईत असतो."

आयुष्यात पहिल्यांदा विद्वांस काका दुकानात बसले.

तांबोळींकडे एक जुना कंट्रोलर होता. काकांनी पट्टी लावली. स्लायडर शंभर मिलिमीटर. पुढेमागे सोळा टक्क्यांपर्यंत जाणारा. काकांनी भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. एका टक्क्याला तीन मिलिमीटर.

"तो विकायचा नाही," तांबोळी म्हणाले. "उजवी बाजू मेलेली आहे. चकती चालत नाही, बटणं चालत नाहीत. सुट्या भागांसाठी ठेवलाय."

"डावी?"

"डावी ठीक आहे. पण एका बाजूने डीजे कसं करणार? दोन गाणी लागतात. एकातून दुसऱ्यात जायचं असतं."

"एका वेळी दोन गाणी कोण ऐकतं?" काका म्हणाले. "मला एकच बाजू लागते."

"साहेब, खराब माल मी विकत नाही. उद्या तुम्ही बाहेर सांगाल, तांबोळीने अर्धं मशीन गळ्यात मारलं."

"मी लिहून देतो."

"लिहून नको. कशाला हवंय ते सांगा."

काकांनी सांगितलं. गुडघे, खुर्ची, ब्याण्णव आणि एकशे आठ. तांबोळींनी भिंग काढून ठेवलं. "गाणं आणलंय?" त्यांनी विचारलं. ते माझ्या लॅपटॉपवर होतंच. आजूबाजूला मोठमोठे स्पीकर असलेल्या त्या बोळात काकूंचा पिंगा सुरू झाला. काकांनी स्लायडर सरकवला, तर काकूंचा आवाज घोगरा झाला. मी लॅपटॉपवर "की लॉक", म्हणजे सूर जागचा हलू न देणारं बटण, दाबलं आणि आवाज जागेवर आला. गाणं हळू, आणि काकू मात्र काकूच.

"हे कुलूप चांगलं आहे," काका म्हणाले.

तांबोळींनी स्लायडरच्या फटीत फवारा मारला, तो वीस-पंचवीस वेळा पुढेमागे केला, पुन्हा गाणं लावलं, पुन्हा फवारा मारला. "हा अटकता कामा नये," ते म्हणाले. "एकदम सुटला तर बाईंचा पाय चुकेल." मग त्यांनी पंधरा हजारांच्या बऱ्याच खालचा आकडा सांगितला. काकांनी घासाघीस केली नाही. हेही पहिल्यांदाच.

बायकांना काय सांगायचं हा प्रश्न काकांनी आधीच सोडवला होता. नवीन मशीन आहे, आवाज स्वच्छ येतो, एवढंच. काकूंना म्हणाले, "मशीन मी घेतलंय, पण कोणतं गाणं कुठे थांबवायचं ते मला कळत नाही. तू आलीस तर बरं." काकूंनी तीन वेळा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा कपाटाची वरची फळी उघडली.

सराव शनिवार-रविवारी, देवळामागच्या सभागृहात. लॅपटॉप माझा म्हणून मीही. पण बायका म्हणाल्या, पुरुषांसमोर आम्हाला संकोच वाटतो. म्हणून आमचं टेबल भिंतीला तोंड करून लावलं गेलं. शिक्षा झालेल्या पोरांसारखे आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसायचो आणि पाठीमागे बारा बायका खेळायच्या. मेलेल्या उजव्या बाजूचे दिवे उगाचच लुकलुकायचे, त्यांच्यावर काकांनी काळी चिकटपट्टी लावली होती.

पहिल्या दिवशी पंधरा टक्के कमी. काका डोळे मिटून पावलं ऐकायचे. "डावा पाय उशिरा पडतोय," म्हणायचे आणि स्लायडर केसभर पुढे, म्हणजे हळूच्या बाजूला, ढकलायचे. रिंगण तुटलं नाही. काकूंनी आठ फेऱ्या केल्या. घरी जाताना जिन्यात काकू मला म्हणाल्या, "गुडघे सुधारतायत रे माझे," आणि पुढे चाललेले काका कठड्याला धरून क्षणभर थांबले.

दर सरावाला काका स्लायडर थोडासा अंगाकडे ओढायचे, कारण तसा वेग वाढतो. वहीत नोंद. साडेचौदा. चौदा. तेरा. श्रावण लागला तेव्हा आम्ही अकरावर होतो.

पहिली मंगळागौर एका छोट्या कार्यालयात होती. मी रजा टाकून गेलो. वाघोलीत कुणाला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पटलं नसतं. विजेचा पॉइंट एकाच भिंतीला होता आणि तिथलं कार्यालयाचं टेबल समोरून बंद, जागचं न हलणारं होतं, त्यामुळे भिंतीला पाठ करूनच बसावं लागत होतं. म्हणजे रिंगण थेट समोर. काकांना अवघड झालं. "आपण आपल्या कामाकडे बघायचं," ते मला बजावून म्हणाले आणि त्यांनी स्लायडरवरून नजर काढली नाही.

झिम्मा झाला. पिंगा सुरू झाला. अकरा टक्के कमी. काकू हिरव्या नऊवारीत, रिंगणात, बाकी जणी त्यांच्या मागेपुढे. दुसऱ्या फेरीला त्या आमच्या टेबलाजवळून गेल्या. मान वळवली नाही, हसल्याही नाहीत. टाळीच्या तालावर फक्त म्हणाल्या, "अहो, थोडं वाढवा. आज जमतंय."

काकांचा हात स्लायडरवर तसाच राहिला.

"हिला माहीत आहे," ते म्हणाले.

कडेला पाणी प्यायला थांबलेल्या शैलाताई, म्हणजे काकूंच्या मागे गट सांभाळणाऱ्या, ओठ पुसत म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलंय त्यांना. माझं गाणं, माझा आवाज, मला कळणार नाही होय, म्हणाल्या. पण यांना कुणी बोलायचं नाही, अशी ताकीद आहे आम्हाला."

काकांनी अंगाकडे ओढलं. दहा. पुढच्या फेरीला काकूंनी येता येता मान हलवली. नऊ. त्याच्या पुढच्या फेरीला त्यांनी टाळीतून एक हात सोडवून तळवा खाली केला. बस, एवढंच. काकांनी नऊवर बोट ठेवलं. इतके आठवडे जे भिंतीकडे तोंड करून चोरून चाललं होतं, ते आता दोघं मिळून करत होते. मी लॅपटॉपमध्ये उगाच काहीतरी शोधायला लागलो.

"काका," मी म्हटलं, "आता तरी वर बघा."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेल्या या माणसाने काकूंना प्रत्येक कार्यक्रमाला सोडलं होतं आणि प्रत्येक कार्यक्रमावरून आणलं होतं. मधला सगळा वेळ बाहेर, चपलांपाशी, पेपर वाचत. आत बायकांचा खेळ.

त्यांनी वर बघितलं. काकू कमरेवर हात ठेवून घुमत होत्या, पदर खोचलेला, घामाने कपाळावरचं कुंकू पसरलेलं, आणि नवरी त्यांच्याकडे बघून पावलं शिकत होती.

"ही अशी खेळते होय," काका म्हणाले. मला नाही; कुणालाच नाही.

पिंगा संपला. बायका पुढच्या खेळासाठी हात धरून उभ्या राहिल्या. गाणं लागेना. दोन-तीन जणींनी आमच्याकडे पाहिलं, मग काकूंनीही पाहिलं. काकांना ते कळलंच नाही. ते चष्मा हातात घेऊन नुसते बघत बसले होते. पुढचं गाणं मीच लावलं.